रस्त्याकडेचा पट्टा

आमच्या वेस्ना गावात माणसाची किंमत ठरते ती रस्त्यावरून. रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली, जेवणं झाली, की नवरा-बायको गाडीत बसतात आणि खडीच्या रस्त्यांनी दुसऱ्यांची पिकं बघत हिंडतात. गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते, काचा खाली असतात आणि जिभेला लगाम नसतो. याचं बी धड उगवलं नाही, त्याच्या गव्हात तण माजलंय, तिसऱ्याने ओळी काढल्यात की झोपेत रेघोट्या ओढल्यात? शेताच्या आत, टेकडीपलीकडे काय आहे ते बघायला कुणी उतरत नाही. रस्त्यावरून दिसेल तेवढंच शेत, असा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या भागातला न्याय आहे आणि तो कुणी बदलेल असं मला वाटत नाही.

ओरेस्ट हनाटिक हा या न्यायासनावरचा सगळ्यात कडक न्यायाधीश. त्याने आणि त्याची बायको मर्नाने लग्नापासून एकही रविवार चुकवला नसेल. माणूस उंच, जरा पुढे वाकलेला, ट्रॅक्टरच्या आवाजाने एका कानाने अधू. त्यामुळे दुसऱ्याच्या शेतावर त्याचं जे काही मत असे ते इतक्या मोठ्याने बोललं जाई, की कधी कधी खुद्द शेतमालकालाच ऐकू जाई. पण त्याचं कुणी वाईट वाटून घेत नसे. कारण हमरस्त्याला लागून असलेलं त्याचं स्वतःचं शेत असं असायचं, की त्यावर बोट ठेवायला जागा नाही. एकसारखा रंग, एकसारखी उंची, कडेला एक रोप वाकडं नाही.

त्यामागे काय काय होतं ते मर्नाला विचारावं. तरुणपणी एकदा पेरणीयंत्राची एक नळी तुंबली आणि रस्त्याकडेची एक ओळ रिकामी गेली. गहू उगवून आला तेव्हा ती रिकामी ओळ कुंकू पुसलेल्या कपाळासारखी ओरेस्टला दिसायला लागली. त्याने बी भरलेली बादली घेतली आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओणवा होऊन बोटाने एकेक दाणा मातीत घातला. त्या दिवशी मर्नाच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. ती नवा पोशाख घालून, हातात पर्स घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती आणि हा आपला दाणे टोचतोय. मर्ना ही गोष्ट आता हसत हसत सांगते. तेव्हा ती दोन आठवडे बोलली नव्हती.

अशा माणसाच्या घरी लेस्या जन्माला आली. एकुलती एक. शाळेत हुशार, पुढे शेतीचंच शिकली आणि सॅस्कटून शहरात एका कंपनीत शेतकऱ्यांना सल्ला द्यायच्या कामाला लागली. ओरेस्टचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी ती पेरणीला घरी आली आणि मग दर वर्षी पेरणीला आणि कापणीला यायला लागली. हिवाळ्यात शहर, उन्हाळ्यात शेत. ओरेस्ट मनातून सुखावला होता. शेजारची दोन शेतं तोवर बड्या कंपनीवाल्यांनी घेतली होती, घरं ओस पडली होती, आणि आपलंही तेच होणार हे त्याने गृहीत धरलं होतं. आता पोरगी येतेय म्हटल्यावर एके सकाळी न्याहारीला त्याने विषय काढला, की बाई, तू कायमचीच का येत नाहीस.

लेस्याने आधी पाव संपवला.

“तातो, मला तुमच्याकडे कामाला यायचं नाहीये,” ती म्हणाली. आमच्याकडे युक्रेनहून आलेल्या बऱ्याच घरांत अजून बापाला तातो म्हणतात. “मला शेती करायचीय.”

“मग दोन्हीत फरक काय?”

“तुम्ही सांगणार आणि मी करणार, ते काम. मी काही ठरवणार आणि तुम्ही ते होऊ देणार, ती शेती.”

मर्ना ओट्याकडे तोंड करून हसली. ओरेस्टला हसू आलं नाही, पण पोरीचं म्हणणं त्याला कळलं. मग ठरलं ते असं. एक शेत लेस्याच्या पद्धतीने करायचं, तीन वर्षं. खर्च वजा जाता पद्धतीने स्वतःचं पोट भरलं, तर सगळी जमीन हळूहळू तिच्या हातात द्यायची आणि ती कायमची गावी येणार. नाही भरलं, तर ती काही बोलणार नाही, आपली शहरात राहील.

आणि शेत कुठलं निवडलं, तर रस्त्याकडेचं.

“मागचं घे की,” ओरेस्ट म्हणाला. “ते कुणाला दिसत नाही.”

“मागचं सपाट आहे तातो, सगळीकडे सारखंच. ह्याच्यात टेकड्या आहेत, उतार आहेत, खोलगट आहे. फरक कळायचा तर इथंच कळेल.”

तिची पद्धत म्हणजे काही जादू नव्हती. जमीन एकसारखी नसते, तर खत तरी एकसारखं का टाकायचं, एवढाच तिचा सवाल. टेकड्यांच्या माथ्यावरची माती वाऱ्याने आणि नांगराने केव्हाच धुपून गेलेली, तिथे कितीही खत ओता, पीक काही उचलत नाही, तिथे कमी. खोलगटात काळी माती साठलेली, तिच्यात मुळातच कस. तिथेही कमी, नाहीतर गहू माजतो आणि लोळतो. मधले उतार मात्र घातलेल्याचं सोनं करतात, तिथे जास्त. मातीचे नमुने काढायचे, शेताचा नकाशा करायचा, तो ट्रॅक्टरमधल्या पडद्याला द्यायचा, आणि यंत्र चालता चालता आपणच खत कमी-जास्त करतं. फुकट काहीच नव्हतं. नमुन्यांचा खर्च होता, नकाशाचा होता, जुन्या पेरणीयंत्राला नवे भाग बसवायचा होता, आणि त्या पडद्याची दर वर्षी भरायची वर्गणी तर ओरेस्टच्या डोक्यातच जाई. आपल्याच ट्रॅक्टरमध्ये बसायचं भाडं कसलं, असं तो विचारी.

पहिल्या वर्षी पाऊस रुसला. टाकलेलं खत मातीत पडून राहिलं, कमी टाकलेलं काय आणि जास्त टाकलेलं काय. खर्च मात्र झालाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या टेकड्यांचे माथे फिके आणि बुटके राहिले. ते दर वर्षीच थोडे राहत, पण ओरेस्ट तिथे ओंजळीने खत ओतून निदान रंग तरी आणी. यंदा रंगही नव्हता.

पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी सकाळी गावातले जुने शेतकरी जमतात. कॉफीचे पैसे कोण देणार हे फासे टाकून ठरतं, आणि कुणाची खेचायची हे ठरवावं लागत नाही. क्लिफर्ड उलमर नावाचा एक जाडा, लालबुंद माणूस तिथला पुढारी. ओरेस्टने त्याच्या शेतावर आजवर जे जे तोंडसुख घेतलं होतं, ते त्याने जपून ठेवलेलं असावं.

“ओरेस्ट, शेताला चाई लागलीय रे तुझ्या,” तो म्हणाला. “डॉक्टरला दाखव. वेळेत औषध केलं तर केस येतात परत.”

टेबल हसलं. ओरेस्टच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो हेही म्हणू शकला असता, की पाऊसच नव्हता तर नकाशा काय करणार. पण तो म्हणाला, “माझं नाही ते. पोरीचं काम आहे.” हे वाक्य तोंडातून गेल्यावर कॉफी त्याला कडू लागली, पण वाक्य परत घेता येत नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर आला. एका संध्याकाळी ओरेस्ट एकटाच टेकडी ओलांडून पलीकडच्या उतारावर गेला. असा गहू त्याने आयुष्यात पिकवला नव्हता. कमरेला लागणारा, दाट, ओंब्या भरून वाकलेल्या. तो त्यातून हात फिरवत बराच वेळ चालला. पोरीचं खरं आहे, असं त्याने स्वतःशी कबूल केलं. पण रस्त्यावर येऊन त्याने मागे वळून पाहिलं, तर दिसत होते ते दोन टेकड्यांचे उघडे माथे आणि त्यांच्यापुढचा फिका तुकडा. शेताचा सगळा चांगला भाग नेमका रस्त्याला पाठ करून बसला होता. ओरेस्टला रडू यायचं बाकी राहिलं.

त्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिघांनी हिशेब मांडला. पहिल्या वर्षी गेलं ते दुसऱ्या वर्षी जवळजवळ भरून आलं होतं. खत वाचलं ते टेकड्यांवर आणि खोलगटात, उत्पन्न वाढलं ते उतारावर, आणि त्यातून नमुने, नकाशा, वर्गणी वजा केली की पारडं मधोमध. मर्ना म्हणाली की माझ्या लग्नासारखंच झालं हे, फायदा की तोटा ते इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. सगळे हसले. पण लेस्या गंभीर होती. सॅस्कटूनच्या कंपनीने तिला सांगितलं होतं की कार्यालयाची मुख्य म्हणून तुला घेतो, पण कायमची. हे उन्हाळ्याचं येणं-जाणं आता चालणार नाही. कापणीनंतर काय ते कळवायचं होतं. म्हणजे सगळं तिसऱ्या वर्षावर येऊन ठेपलं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पेरणी ऐन भरात आली आणि धान्य चढवायच्या यंत्राचा एक भाग मोडला. लेस्याला तो आणायला जवळच्या मोठ्या गावाला जाणं भाग होतं. हवामान पालटणार होतं, थांबून चालणार नव्हतं. तिने पांढऱ्या दाणेदार खताची टाकी नकाशाला लागेल तेवढी मोजून भरली, पडदा लावून दिला आणि ओरेस्टला ट्रॅक्टरवर बसवलं.

“तुम्ही फक्त चालवा,” ती म्हणाली. “टेकडीवर आवाज बसल्यासारखा वाटेल, तर घाबरू नका. ते आपणच कमी होतंय.”

ओरेस्टने पहिला फेरा रस्त्याच्या कडेने काढला. टेकडी चढताना खरोखरच यंत्राचा आवाज बसला. पडद्यावरचा आकडा खाली उतरला. आयुष्यभर जिथे हात सैल सोडला, तिथेच आता हात आखडता घ्यायचा होता. हे यंत्र आपल्या डोळ्यांदेखत आपल्या शेताला उपाशी ठेवतंय असं त्याला वाटलं. तेवढ्यात रस्त्यावरून क्लिफर्डची गाडी आली. ती हळू झाली, स्टिअरिंगवरचं एक बोट वर झालं, आमच्याकडे रामराम करायची हीच रीत आहे, आणि गाडी मग मुद्दाम रेंगाळत पुढे गेली. क्लिफर्ड हसत होता की नाही हे एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. ओरेस्टला तो हसताना दिसला.

पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण होती. ती दाबली की यंत्र नकाशा विसरतं आणि माणसाचं ऐकतं. ओरेस्टने ती दाबली. आकडा जुन्या मापावर आणला आणि वर थोडं आणखी चढवला. मग तो रस्त्याकडेने एकामागून एक फेरे काढत गेला, टेकड्यांवर, मधल्या खोलगटात, सगळीकडे सारखं, भरपूर. रस्त्यावरून नजर पोचते तिथवर, म्हणजे पहिल्या चढाच्या माथ्यापर्यंत, त्याने असं पेरलं. माथा ओलांडल्यावर त्याने खूण पुन्हा दाबली आणि यंत्र नकाशाच्या हवाली केलं. पलीकडे कुणी बघणार नव्हतं. बरं, थोडंच तर आहे, असं तो मनाशी म्हणाला. बाकीचं सगळं पोरीच्या मनासारखंच तर केलं.

शेताचं शेवटचं टोक राहिलं आणि खत संपलं. मोजून भरलेलं होतं, संपणारच होतं. ओरेस्टला हे सुचलंच नव्हतं. त्याने घाईघाईने मागच्या शेतासाठी ठेवलेल्या खतातून टाकीत भर घातली आणि दाणे टाकीत सोडायचा पाइप गुंडाळत असतानाच लेस्याची गाडी आली. तिने टाकीकडे पाहिलं, साठ्याकडे पाहिलं.

“कमी पडलं?”

“पाइप निसटला गं,” ओरेस्ट म्हणाला. “बरंच सांडलं.”

“बरं,” लेस्या म्हणाली. तिने त्याला घरी जाऊन जेवायला सांगितलं, बाकीचं मी आवरते म्हणाली. ओरेस्टचा जीव भांड्यात पडला. घरी मर्नाने बीटचं सार केलं होतं, ते तो दोन वाट्या प्यायला.

जुलैत ते शेत बघायला गाड्या थांबायला लागल्या. रस्त्याकडेचा गहू हिरवा नव्हे, काळपट हिरवा झाला होता. टेकड्यांचे माथेसुद्धा झाकले गेले. कॉफीच्या टेबलाशी क्लिफर्डने स्वतःहून विषय काढला. “यंदा पोरीला ट्रॅक्टरवर बसू दिलं नाहीस वाटतं. हा हात तुझा आहे, लपत नाही.” ओरेस्टने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. कपाच्या मागे तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावरची कॉफी त्याला गोड लागली.

त्या रविवारी लेस्याही गाडीत होती, मागच्या सीटवर. स्वतःच्या शेताशी आल्यावर मर्नाने गाडी थांबवायला लावली आणि कौतुकाने बघत राहिली. लेस्या मात्र खाली उतरून शेताच्या कडेने चढाच्या माथ्यापर्यंत जाऊन आली. तिथे गडद रंग एकदम संपत होता आणि फिका सुरू होत होता, आणि मधली रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती.

“तातो,” ती म्हणाली, “माथ्यावर रंग असा एकदम कसा बदलला असेल?”

तिच्या आवाजात राग नव्हता. खरं तर तिने दार उघडून धरलं होतं, आत या म्हणून. ओरेस्टला ते कळलं. पण मर्ना बघत होती, छान दिसतंय शेत म्हणून तिचा चेहरा फुलला होता, आणि सांगायला सुरुवात कुठून करायची हेच त्याला समजेना.

“उन्हाची तिरीप असेल,” तो म्हणाला. “संध्याकाळचं असं दिसतं.”

लेस्या परत गाडीत येऊन बसली. वाटेत कुणाच्याही शेतावर कुणी काही बोललं नाही.

ऑगस्टमध्ये वादळ आलं, पावसासकट. गडद पट्ट्यातला खोलगटातला गहू, जो सगळ्यात उंच आणि सगळ्यात माजलेला होता, तो एका दुपारीत आडवा झाला. चटई अंथरल्यासारखा. टेकडीवरचा उभा राहिला खरा, पण कापणीला कळलं की त्याने खाल्लं खूप आणि दिलं बेताचंच. आडव्या पडलेल्या गव्हाला खालून मोड आले, तो गुरांच्या खाद्याच्या भावाने गेला. माथ्यापलीकडचं, नकाशाने पेरलेलं पीक मात्र उभंच्या उभं होतं. पण हिशेब सगळ्या शेताचा होता. खत टेकड्यांवर आणि खोलगटातच वाचायचं, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ते वाचलंच नव्हतं. उलट जास्त गेलं होतं. लेस्याने बेरीज-वजाबाकी केली आणि नुसतं एवढंच सांगितलं, की यंदा खर्च वर आहे. तीन वर्षांचं पारडं खाली गेलं होतं, फार नाही, पण गेलं होतं.

ओरेस्टने मग रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःचा हिशेब मांडायला सुरुवात केली. पट्टा नसता तर काय झालं असतं? थोडा फायदा झाला असता, बहुतेक. किंवा झालाही नसता. वादळ तर आलंच असतं. आता ते कुणालाच कधी कळणार नव्हतं, कारण तिसरं वर्ष त्याने नासवलं होतं, आणि चौथं वर्ष ठरलेलं नव्हतं. पोरगी चालली होती एका खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून. सांगावं तर ती तोंडावर काय म्हणेल याची भीती. न सांगावं तर ती जाणार. तरी सकाळी उठून तो कॉफीला जायचा.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या सभागृहात कापणीचं जेवण असतं. सगळा गाव येतो, बायका दोन दिवस आधीपासून बटाट्याचं सारण भरून करंजीसारख्या पेरोगी वळत बसतात. ओरेस्ट आणि लेस्या ताटं घेऊन लांब टेबलाशी बसले होते. क्लिफर्ड समोर येऊन बसला. त्याचा स्वभाव वाईट नाही, फक्त त्याला तोंड आवरत नाही.

“काय गं लेस्या,” तो म्हणाला, “जुलैत मला वाटलं बापाचा हात आहे, पण तुझ्या त्या नकाशाने त्याचा गहू पार झोपवलास की. रस्त्यावरून बघवत नव्हतं.”

आजूबाजूची चार डोकी वर झाली. ओरेस्टचा घास तोंडातच राहिला. लेस्याने एकदा बापाकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि मग क्लिफर्डकडे बघून हसली.

“हो, यंदा नाही जमलं,” ती म्हणाली आणि मीठ पुढे कर म्हणून हात केला.

तिने ते सगळ्यांदेखत स्वतःवर घेतलं होतं. ओरेस्टला पुढे जेवण गेलं नाही. मर्ना भांडी घासायला आत राहणार होती, म्हणून बाप-लेक बाहेर येऊन गाडीत बसली. ओरेस्टने इंजिन चालू केलं, हीटर लावला, आणि गाडी हलवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत बोलला.

“रस्त्याकडेला मी नकाशाने पेरलं नाही. यंत्र हातात घेतलं मी. सगळीकडे जुनंच माप टाकलं, वर थोडं जास्तच. क्लिफर्ड गाडी हळू करून बघत होता, आणि मला… मला लाज वाटली. तुझी पद्धत चुकली नाही, मी चुकवली. आणखी एक वर्ष घे. हवं तर सगळी जमीन घे आत्ताच. मी ट्रॅक्टरला हात लावणार नाही.”

एवढं बोलून त्याला मोकळं वाटलं. आता ती भांडेल, ओरडेल, आणि मग निवळेल, असं त्याला वाटलं. लेस्या काचेतून बाहेर बघत होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“जमीन काय फूटपट्टीने बदलते, तातो? जुलैत त्या रविवारी तुम्हाला विचारलं होतं ना मी. मी सोमवारी सॅस्कटूनला होकार कळवला. या सोमवारी. त्याआधी मी सगळा उन्हाळा वाट बघितली तुमची.”

ओरेस्टने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “एका खताच्या पट्ट्यासाठी?” तो म्हणाला. “अगं, खत ते केवढं?”

“खताचं मला काही नाही. तुमची जमीन, तुमचं खत. रागावले असते चार दिवस आणि मग हसले असते, आईच्या त्या बादलीच्या गोष्टीला हसतो तसंच. पण तुम्ही म्हणालात पाइप निसटला, सांडलं. तुम्हाला जेवायला पाठवलं आणि मी शोधत बसले. टाकीखाली, चाकांमागे, गवतात. पांढरे दाणे दिसतातच हो मातीत, लपत नाहीत. गुडघे टेकून माती उकरली मी, तातो. मूठभर तरी सापडावं म्हणून.”

सभागृहाचं दार उघडलं. मर्ना उरलेल्या पेरोगींचा डबा दोन्ही हातांनी धरून गाडीकडे येत होती. लेस्याने डोळे पुसले आणि तिला बसायला जागा करून द्यायला ती मागच्या सीटवर गेली.